पगारात १८ हजार कार अलाउन्स चालू झालाय, गाडी लोनवर घेऊ का कंपनीच्या लीजवर?

पंपवाला_शाहूपुरी
६ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. मी पंपांच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर, हेड ऑफिस पुण्याला आणि इकडं मी एकटा. कोल्हापूर, सांगली, निपाणी आणि महिन्यातनं एकदोनदा रत्नागिरी असा एरिया. आत्तापर्यंत बाईक, एसटी आणि अगदीच अडलं तर भाड्याची गाडी. यंदा पावसाळ्यात आंबा घाटात बाईकवरनं भिजत गेलो तेव्हा टूल बॅगेतनं पाणी ओतताना फोटो काढून साहेबांना पाठवला, त्याचा परिणाम असेल किंवा नसेल, सप्टेंबरपासनं १८ हजार महिना कार अलाउन्स लागू झाला. पेट्रोल कामाच्या किलोमीटरवर वेगळं मिळतं, ते यात नाही.

त्यात २२ सप्टेंबरपासनं जीएसटी उतरला, चार मीटरच्या आतली १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी सेससकट २९ टक्के होती ती १८ वर आली, त्यामुळं पाडव्याला गाडी दारात असं घरात ठरूनच टाकलंय. बजेट साडेआठ लाख एक्स शोरूम, ऑन रोड ९.८५ च्या आसपास जातंय.

शोरूमवाला म्हणतोय ८ लाख लोन करा, ९ टक्के, ५ वर्षं, हप्ता १६,६०७. अलाउन्स १८ हजार, म्हणजे गाडी फुकटातच पडली की, असं माझं गणित. ७ वर्षं केलं तर १२,८७१ बसतो म्हणे, वरचे ५ हजार खिशात.

दुसरं म्हणजे एचआरनं लीजचा कागद पाठवलाय. अलाउन्स सोडायचा, त्याऐवजी कंपनी ४ वर्षं लीजवर गाडी देणार, भाडं २१,५०० महिना, इन्शुरन्स सर्व्हिसिंग सगळं त्यात. १८ च्या वरचे साडेतीन हजार पगारातनं जाणार. ४ वर्षांनी अडीच लाख भरले की गाडी आपली. डाऊन पेमेंट काय नाही.

वडील म्हणतात लोन काढ, गाडी आपल्या नावावर पाहिजे. बायको म्हणते आधी बाथरूमचं गळकं बघा. तुम्ही काय म्हणता?

टॉपगिअर_०९
६ ऑक्टोबर, रात्री ११:०२

लीज बीज काय नाय भावा. चार वर्षं दुसऱ्याची गाडी धुवायची आणि मग अडीच लाख देऊन आपली करायची, कशाला? आणि लीजच्या गाडीवर आपल्या कोल्हापूरची, एमएच ०९ ची पाटी मिळंल का ते आधी विचार. माझ्या मेव्हण्याला मिळाली बाहेरच्या राज्यातली पाटी, आता किणी टोलपासनं कागलपर्यंत कुठंबी पोलीस दिसला की ह्यालाच बाजूला घेतोय. अंबाबाईला गाडी घेऊन गेला तर पूजा करणारे काका विचारतात, पाहुणे कुठनं आलाय? मेव्हणा जलमला मंगळवार पेठेत.

हिशेबनीस
७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

मी राजारामपुरीत टॅक्सच्या ऑफिसात काम करतो, सीए नाही, पण रोज हेच आकडे बघतो. पाटीचं नंतर बघू. पंपवाले, वर्षाचा ग्रॉस पगार किती ते सांगा, अलाउन्स धरून आणि कंपनीचा पीएफ सोडून. आणि टॅक्सची रिजीम कुठली, जुनी का नवीन? "गाडी फुकटात पडली" हे वाक्य वाचून मला जरा कसंतरी झालं.

पंपवाला_शाहूपुरी
७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

ग्रॉस १४ लाख ५६ हजार, अलाउन्सचे २ लाख १६ हजार धरून. नवीन रिजीम. अलाउन्स पगाराच्या स्लिपवर 'कार अलाउन्स' असाच दिसतो, बिलं वगैरे काय मागत नाहीत, म्हणून तर बरं वाटलं.

हिशेबनीस
७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

बिलं मागत नाहीत हीच गोम आहे. कामाच्या प्रवासाचा खर्च म्हणून हिशेब ठेवून दिला असता तर गोष्ट वेगळी, नुसता पगारात घालून दिलेला अलाउन्स म्हणजे पगारच, सगळ्यावर टॅक्स. आणि तुमच्या बाबतीत तर तो लईच वाईट जागी येऊन पडलाय, नीट बघा.

अलाउन्स नसता तर पगार १२ लाख ४० हजार. ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं की ११ लाख ६५ हजार. यंदापासनं १२ लाखापर्यंत रिबेट आहे, म्हणजे टॅक्स शून्य. एक रुपाया नाही. आता त्यात अलाउन्स घाला, १३ लाख ८१ हजार झाले. रिबेट गेला. ४ ते ८ लाखावर २० हजार, ८ ते १२ वर ४० हजार, वरच्या १ लाख ८१ हजारावर १५ टक्क्यांनी २७,१५०, झाले ८७,१५०, वर ४ टक्के सेस, ९०,६३६.

म्हणजे २ लाख १६ हजार मिळवायला तुम्ही ९०,६३६ भरताय. शेकडा ४२ रुपये. ३० टक्क्यांच्या स्लॅबवाल्यालाही एवढं पडत नाही. महिन्याला बघायचं तर १८ हजारातले ७,५५३ सरकारजमा, तुमच्याकडं उरतात १०,४४७. आणि हप्ता १६,६०७. वर दुसऱ्या वर्षापासनं इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर. फुकट कुठं पडली?

लीजचं बघू. कंपनीनं दिलेली गाडी कामाला आणि घरच्यालाही वापरली, इंजिन १६०० सीसीच्या आत असलं, खर्च कंपनीनं केला, तर टॅक्ससाठी तुमच्या पगारात २०२५-२६ च्या नियमानं महिना १,८०० रुपयेच धरतात. ड्रायव्हर दिला तर आणखी ९००, तो तुम्हाला नाही. नवीन रिजीममध्येपण हे चालतं. तर १४.५६ लाखातनं भाड्याचे २ लाख ५८ हजार वजा, ११ लाख ९८ हजार. त्यात १,८०० चे वर्षाचे २१,६०० घाला, ७५ हजार काढा, ११ लाख ४४ हजार ६००. टॅक्स शून्य.

हातात काय? लीजमध्ये वर्षाला ११ लाख ९८ हजार आणि गाडीचा खर्च संपला. लोनमध्ये टॅक्स आणि हप्ते जाऊन ११ लाख ६६ हजार, त्यातनं इन्शुरन्स सर्व्हिसिंगचे ४० हजार तरी काढाच. लीज वर्षाला ७० हजारानं पुढं, आणि सुरवातीचे १ लाख ८५ हजार पण वाचले.

टॉपगिअर_०९
७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

आयला. मेव्हण्याला दाखवतो हे.

मीनाक्का_उचगाव
८ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

हिशेबनीस दादांचं डोकं भारी आहे, पण मला एक सांगा, इन्सेंटिव्ह धरला का त्यात? आमच्या ह्यांना दिवाळीला मिळतो तो नेहमी धरायचा राहतो आणि मार्चमध्ये पगार अर्धा येतो. तेव्हा घरात जे वातावरण असतंय ते विचारू नका.

आणि पंपवाले भाऊ, ७ वर्षांचा हप्ता अजिबात घेऊ नका. ५ वर्षांत व्याज जातं १ लाख ९६ हजार, ७ वर्षांत २ लाख ८१ हजार, मी मोबाईलवर काढलं. ८५ हजार जादा, एवढ्यात तुमचं बाथरूम होऊन वर टाईल्स पण बसतील. मी स्कूटीसाठी भिशी लावली होती १० जणींची, चौथ्या महिन्यात लागली, हप्ता नाही व्याज नाही. गाडीसाठी भिशी पुरणार नाही ते कळतंय मला, पण डाऊन पेमेंटला होतंय.

पंपवाला_शाहूपुरी
८ ऑक्टोबर, दुपारी २:१०

हिशेबनीस दादा, तुमची पोस्ट तीनदा वाचली, मग वडलांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते १०,४४७ वर थांबले आणि म्हणाले मग मिळालं काय. अक्का, इन्सेंटिव्ह साधारण ६० हजार असतो, तो सांगायचा राहिलाच. बाथरूमचं मुद्दाम वाचून दाखवलं नाही, तरी बायकोनं वाचलं.

हिशेबनीस
८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

अक्कांनी बरोबर पकडलं. ६० हजार घातले तर लीजमध्ये १२ लाख ४ हजार ६०० होतात, म्हणजे रिबेटची रेघ ओलांडली. पण घाबरू नका, रेघेच्या जरा वर गेलेल्यांसाठी मार्जिनल रिलीफ आहे, १२ लाखाच्या वर जेवढे गेले त्यापेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत. ४,६०० आणि सेस, ४,७८४ झाले, विषय संपला.

एचआरला मात्र एक विचारा, २१,५०० मध्ये रोड टॅक्स किती टक्क्यांनी धरलाय. स्वतःच्या नावावर १० लाखाच्या आतली पेट्रोल गाडी असेल तर महाराष्ट्रात ११ टक्के, कंपनीच्या नावावर पासिंग केलं तर २०. साडेआठ लाखावर ९३,५०० आणि १ लाख ७० हजार एवढा फरक. भाडं त्यावर ठरतं, आणि बाहेरच्या पाट्या का दिसतात त्याचं उत्तर पण बहुतेक इथंच आहे.

पुण्यातला_कोल्हापुरी
८ ऑक्टोबर, रात्री ११:४५

आकडे सगळे बरोबर आहेत, मीपण हेच आकडे बघून लीज घेतलेली, आता ऐका. कंपनीचं नाव सांगत नाही. ४ वर्षांची लीज, १४ महिन्यांनी दुसरीकडं चांगली ऑफर आली, राजीनामा दिला. तेव्हा कळलं की लीज मोडायची तर उरलेल्या भाड्याचा काही भाग, गाडीची ठरलेली किंमत आणि वर मोडण्याचा चार्ज असं सगळं माझ्यावर. नवीन कंपनी लीज पुढं चालवायला तयार नव्हती, त्यांची लीजवाली पार्टी वेगळी. फुल अँड फायनलमधनं, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातनं, २ लाख ७० हजार कापले आणि गाडीपण गेली. १४ महिने जो टॅक्स वाचला म्हणून मिरवत होतो तो सगळा गेला आणि वरचे खिशातले गेले. शेवटच्या दिवशी चावी रिसेप्शनला ठेवली आणि रिक्षानं घरी आलो, मुलगी खिडकीत उभी होती, म्हणाली बाबा गाडी कुठाय.

तर दादा, प्रश्न टॅक्सचा नाहीये. तू ह्या कंपनीत ४ वर्षं राहणार आहेस का? तेवढंच सांग.

गुळव्या
९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

मिसळ खायला गाडी कशाला लागतीय, चालत जावा. 😄

मीनाक्का_उचगाव
९ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

गुळव्या भाऊ, गुऱ्हाळ पेटवा आता, इथं महत्त्वाचं चाललंय.

कागलकर
९ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

लोनवाल्यांनी पण लई हुरळून जाऊ नये. माझं उलटं झालं. २०१८ ला १५ हजार अलाउन्स होता, त्याच्या जीवावर ऐपतीपेक्षा एक नंबर वरची गाडी घेतली, सनरूफवाली, कागलात सनरूफ कशाला हे मला आजपण सांगता येणार नाही. २०२० ला लॉकडाऊनमध्ये एका मेलवर अलाउन्स बंद. कंपनी म्हणाली फिरतीच नाही तर गाडीचे पैसे कशाचे. त्यांचं पण खरं. पण बँक थोडीच म्हणतीय फिरती नाही तर हप्ता कशाचा. दीड वर्ष स्वतःच्या पगारातनं भरला, गाडी दारात उभी, कुत्री सावलीला झोपायची खाली.

तेव्हा अलाउन्सच्या लेटरमध्ये एक ओळ असती बघ, कंपनी कधीही बदलू किंवा बंद करू शकते अशी. ती वाच. अलाउन्स बंद झाला तरी जो हप्ता भरता येतोय तेवढीच गाडी घे, मग लोन असूदे नाहीतर लीज.

हिशेबनीस
९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

कागलकरांशी सहमत. पुण्यातल्या दादांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या एक्सेलमध्ये नाही हेपण मान्य.

टॉपगिअर_०९
११ ऑक्टोबर, दुपारी ४:००

पंपवाले गपगार झाले. गेले वाटतं शोरूमला.

पंपवाला_शाहूपुरी
१२ ऑक्टोबर, रात्री ११:२०

गेलो नाही. खरं सांगायचं तर पुण्यातल्या दादांची पोस्ट वाचून दोन दिवस काय लिहावं कळंना. इथं आपल्याला कोण ओळखत नाही म्हणून लिहितो. कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका ठिकाणी इंटरव्ह्यूच्या दोन फेऱ्या झाल्यात. फिरती नाही, रोज संध्याकाळी घरी. अजून फायनल काय नाही, होईल का नाही तेपण माहीत नाही. तिथं अलाउन्स बिलाउन्स काय नसणार. आणि मी इकडं ४ वर्षांच्या लीजवर सही करायला निघालोय. बायकोला माहिती आहे, वडलांना नाही.

आता मला लीजपण भ्या वाटतंय आणि १६ हजाराचा हप्तापण. गाडी तर पाहिजे, नोव्हेंबरात निपाणीला शटडाऊनची कामं आहेत, सकाळी सहाला पोचावं लागतंय.

कागलकर
१२ ऑक्टोबर, रात्री ११:३५

ये की कागलला. सनरूफ दाखवतो.

पुण्यातला_कोल्हापुरी
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

मग उत्तर मिळालं की दादा. लीज कट. आणि नवीन गाडीच पाहिजे असं कंपनीनं कुठं म्हटलंय का? आमच्याकडं अलाउन्सवाल्यांना गाडी स्वतःच्या नावावर आणि ठरावीक वर्षांच्या आतली एवढीच अट असायची. एचआरला विचार, जुनी चालत असली तर चार लाखात चांगली गाडी येतीय.

टॉपगिअर_०९
१३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

जुनी घेणार असलास तर आता माझा विषय चालू झाला. २०१९ च्या पुरातल्या गाड्या आणि २०२१ च्या जुलैतल्या गाड्या आपल्याच भागात फिरत्यात, धुवून पॉलिश करून, अत्तर मारून. व्हीनस कॉर्नरला बेसमेंटमध्ये किती गाड्या बुडलेल्या आठवतंय का. बघायला जाशील तेव्हा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, शेवटपर्यंत, तळाकडच्या पट्ट्यावर चिखलाची पिवळी रेघ दिसली की चहा न पिता निघून ये. स्टेपनीचा खड्डा हातानं चाचपून बघ, माती बोटाला लागती. मॅटखाली सीटचे नट गंजलेत का बघ. आणि सोप्पं म्हणजे २०२२ चीच बघ, दोन्ही पूर झाल्यानंतरची.

शोरूमवाला जुन्या गाडीचं लोन साडेपाच टक्क्यांनी देतो म्हणंल, त्याला विचार फ्लॅट का रिड्युसिंग, म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर का उरलेल्या रकमेवर.

हिशेबनीस
१३ ऑक्टोबर, दुपारी १:४५

साडेपाच फ्लॅट म्हणजे ५ वर्षांसाठी रिड्युसिंगनं बरोबर १० टक्के. लाखाला हप्ता २,१२५ दोन्हीकडं. बोर्डावर साडेपाच लिहिलेलं असतंय, माणूस तेवढंच वाचतो.

आणि कर्जाच्या कागदात मुदतीआधी भरलं तर चार्ज किती ते बघा. फिक्स्ड रेटवर लावतात. तुमचं नोकरीचं अधांतरी आहे, मध्येच फेडून टाकायची वेळ येऊ शकते. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्या, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. आणि शाहूपुरीत राहताय तर इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर घ्याच, पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्टर मारून चालू करायला गेलात तर साधी पॉलिसी इंजिनचं देत नाही.

पंपवाला_शाहूपुरी
१९ ऑक्टोबर, रात्री ९:००

अपडेट देतो. एचआरनं कळवलं गाडी ७ वर्षांच्या आतली आणि स्वतःच्या नावावर पाहिजे, नवी जुनी काय अट नाही. हे मेलमध्ये लेखी घेतलं.

गाडी मिळाली. मामांच्या ओळखीतल्या एका शिक्षकांची, २०२२ ची, ०९ पासिंग, ३१ हजार किलोमीटर. सीटबेल्ट पूर्ण ओढला, सर तोंडाकडं बघतच राहिले, म्हणाले काय शोधताय. चिखल सांगितला तर हसले आणि स्वतःच स्टेपनी काढून दाखवली. ४ लाख ६० हजाराला ठरली. १ लाख ६० घरातले, ३ लाख आमच्या भागातल्या पतसंस्थेतनं, ११ टक्के रिड्युसिंग, ३ वर्षं, मुदतीआधी भरलं तर चार्ज नाही. जामीनदार दोन पाहिजे होते, एक वडील आणि एक मामा. मामांनी सही करायच्या आधी फॉर्म दोनदा वाचला आणि विचारलं, नोकरी पक्की आहे नव्हं? मी हो म्हटलं. बायको खाली बघत होती.

मीनाक्का_उचगाव
१९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

अभिनंदन भाऊ! वडलांना सांगा आता कागलचं. जामीन राहिलेत, त्यांना दुसऱ्याकडनं कळायला नको. हप्ता किती बसला?

पंपवाला_शाहूपुरी
१९ ऑक्टोबर, रात्री ९:४५

आज जेवताना सांगितलं अक्का. काय बोलले नाहीत, नंतर म्हणाले कागल जवळ आहे.

हप्ता ९,८२२. हिशेबनीस दादांचे १०,४४७ आहेत ना, त्यातनं ६२५ उरतात.

गुळव्या
१९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मिसळ.

पंपवाला_शाहूपुरी
१९ ऑक्टोबर, रात्री ९:५८

बाथरूम.